धुण्याचा डॉलर

वॉशिंग मशीन फिरत होतं, तेवढ्यात मॉइरा नर्स दारात येऊन उभी राहिली.

शेरिलने टिलीला कडेवर सावरत दार उघडलं. टिली दोन वर्षांची. आठवड्यापूर्वी तिच्या रक्ताचा अहवाल आला होता आणि शिसं मागच्या खेपेच्या दुप्पट निघालं होतं. गावात शिशाची भट्टी आहे, तेव्हा ते थोडंफार सगळ्यांच्याच अंगात असतं, कुणी फार बाऊ करत नाही. पण दुप्पट म्हटल्यावर सरकारी नर्स घरी येते.

मॉइरा गावातलीच. शेरिलच्या सासूबरोबर नेटबॉल खेळलेली. चहा नको म्हणाली आणि थेट कामाला लागली. खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसून फडकं निरखलं, खेळणी पुसली, पावसाच्या पाण्याची टाकी पाहिली. शेवटी कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली.

"पोरी, घर तर लख्ख ठेवलंयस. मग हे येतंय कुठून?"

"जेवत नाही हो," शेरिल म्हणाली. "पोट धरून रडते. आणि बोलायला लागली होती छान, आता तेही कमी झालंय. काल मांजर दाखवलं तर नुसती बघत राहिली."

टिलीजवळ एक शब्द मात्र शाबूत होता. "दुई," ती म्हणाली आणि मशीनच्या गोल काचेकडे हात केला. दुई म्हणजे तिची निळी दुलई. तिचं एक टोक चघळल्याशिवाय टिलीला झोप येत नाही. दुलई आत फिरत होती.

शेरिल सहज सरकल्यासारखी काचेपुढे जाऊन उभी राहिली.

शेरिलचा नवरा रॉस टेबलाशी कॉफी घेत बसला होता. तो भट्टीवर कच्च्या मालाचे ट्रक नेतो. मॉइरा त्याच्याकडे वळली.

"तुझे कामाचे कपडे कुठे धुतात रे?"

"घरीच. तिथली धुलाई कायमच्या लोकांना. आम्ही कंत्राटी, आम्हाला कोण विचारतंय?"

"वेगळे धुता, की घरच्या कपड्यांबरोबर?"

रॉसचा कप ओठांशी थांबला. हाच प्रश्न त्याला मागच्या रविवारी फोनवर कराचं विवरण भरताना समोर आला होता. छातीवर कंपनीचं नाव असलेले कपडे घरी धुतले की करात वजावट मिळते. नुसते कामाचे कपडे असतील तर मशीनच्या प्रत्येक फेरीला एक डॉलर, घरच्यांत मिसळले असतील तर अर्धा. कोण बघायला येतंय, म्हणून त्याने 'वेगळे'वर बोट दाबलं होतं. भट्टीवर सगळेच दाबतात. पण त्याच्याबरोबर ट्रक चालवणाऱ्या डॅझला याच वजावटीबद्दल कर खात्याचं पत्र आलं होतं, आणि तेव्हापासून डॅझच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुणीही विचारलं तरी वेगळेच सांगायचं, असं रॉसने शेरिललाही बजावून ठेवलं होतं.

शेवटी सरकार ते सरकार, रॉसला वाटलं. रक्त तपासणारं काय आणि कर घेणारं काय, आतून सगळे एकच.

"वेगळे," तो म्हणाला. "नेहमी वेगळेच."

"शेरिल? धुणं तर तूच करतेस ना?"

शेरिलने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता. तिच्या पाठीमागे मशीनने वेग धरला आणि तिच्या कमरेला थरथर जाणवली.

"वेगळे," ती म्हणाली.

"चला, सुटले!" मॉइराचा चेहरा उजळला. "मला तीच धास्ती होती. त्या शिशाच्या धुळीचा काही नेम नाही बघ. एका शर्टातून अख्ख्या धुण्यात पसरते, आणि पुन्हा धुतलं तरी लवकर जात नाही. मोठ्यांचं निभावतं, पण या वयात थेट मेंदूवर जाते. तिथे एकदा गेलेलं परत येत नाही."

टिली आईच्या खांद्यावरून खाली वाकून मशीनवर थापा मारत होती. "दुई. दुई."

"म्हणजे अंगणातलीच माती असणार," मॉइरा पिशवी उचलत म्हणाली. "वाळूत खेळणं आजपासून बंद. बाहेर सोडूच नका तिला. घरात ठेवा, तिच्या अंथरुणात, तिच्या त्या दुलईत. हाल करू नका पोरीचे."

"मॉइरा..." शेरिलने तोंड उघडलं.

"मी सोडतो तुम्हाला गाडीपर्यंत," रॉस खुर्ची मागे सारत म्हणाला. बायकोकडे त्याने एकदाच पाहिलं, पण ते पुरेसं होतं.

ती दोघं बाहेर पडली आणि मशीन थांबलं. शेरिलने टिलीला खाली ठेवलं, मशीनचं दार उघडलं. ओल्या कपड्यांचा पीळ बाहेर घसरला. रॉसच्या नारिंगी शर्टाची बाही, टिलीचे इवलेसे मोजे, आणि बाहीच्या विळख्यात निळी दुलई. शेरिलला त्याला हात लावायची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला धुतलेल्या कपड्यांची भीती वाटली.

टिलीला वाटली नाही. तिने दुलई ओढून काढली आणि ओलं टोक तोंडात घातलं.

"नको, टिली. दे. आईला दे."

टिलीने मान हलवली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रॉस परत आला, दार लावून घेतलं, त्यालाच पाठ टेकून उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने त्याने श्वास सोडला.

"सुटलो गं," तो म्हणाला. "काही संशय नाही आला तिला."

शेरिल जमिनीवर बसली होती. दुलईचं एक टोक तिच्या दोन्ही मुठींत होतं. दुसरं टिलीच्या दातांत होतं, आणि ती सोडत नव्हती.