तीन बोल्ट

"गाडीत पाणी घालाय गेली आन् सायलेन्सरच्या पाइपाला हात भाजला की हिचा. त्याला हीट रॅप, ती धग आडवणारी पट्टी, गुंडाळा मिस्त्री," विश्वजित काळजीनं म्हणाला. शेजारच्या सीटवर त्याची बायको वर्षाराणी उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज बांधून बसली होती.

जोतीराम मिस्त्रीनं रॅपची पट्टी पाण्यात भिजत घातली आणि इंजिन निवल्यावर बॉनेट उघडलं. पाइप इंजिनाच्या मागं, पत्र्याच्या झाकणाखाली होता. तीन बोल्ट खोलल्यावर कुठं त्याचा हात आत पोचला.

त्यानं खाली उतरून बघायला आलेल्या विश्वजितचं मनगट धरलं आणि निवलेल्या पाइपावर दाबून ठेवलं.

"पावणं, आक्कांचा हात हितं कसा पोचला, दावा की. आक्का, गाडी चालू करा."



वर्षाराणी ड्रायव्हरच्या सीटवर सरकली आणि तिनं डाव्या हातानं चावी फिरवली.