पुलावरचा दिवा

"हा पूल मी पहिल्याच फटक्यात पार केला होता," ओजसने लाइव्ह बघणाऱ्यांना ऐकवलं. त्याने आपलाच सेव्ह केलेला गेम उघडला होता. ही लेव्हल बनवणाऱ्या शलाकाताई शेजारी बसून बघत होत्या.

पुलाच्या टोकाला एक पिवळा दिवा मिणमिणत होता. "ताई, हा दिवा म्हणजे तर कमाल! कसा सुचला?"

शलाकाताईंची नजर माईककडे गेली. खाली कॉमेंट्स धावू लागल्या: 'हा दिवा कुठून आला? आम्ही खेळलो तेव्हा पूल तर अंधारात होता.'

"डोळे तपासून घ्या रे!" ओजस खदखदून हसला.

ताईंनी हळूच माईक बंद केला. "अरे, जो एका जागी सारखा हरतो ना, त्याच्यासाठीच गेम तिथे दिवा लावतो. बाकीच्यांच्या गेममध्ये तो नसतो."

ओजसचे कान तापले. त्याला ताईंच्या नजरेला नजर देता येईना. माईक सुरू करून तो घाईघाईने म्हणाला, "चला, पुढे जाऊ या."

पूल संपला. समोरच्या गुहेत, पार शेवटापर्यंत, ओळीने दिवे लखलखत होते.