विहिरीतला दिवा

गोपिका शाळेत शिकवून आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ कवडू अंगणातल्या विहिरीत निम्मा उतरला होता. पंप गाळात अडकलेला, घरात पाणी नाही, वर नागपूरचं एप्रिलचं ऊन. आणि कवडूला धीर म्हणून कधी नव्हताच.

काठावर त्याची बायको पुष्पलता उभी होती. आधी दिवा सोडला का, असं गोपिकानं तिला विचारलं. बाबांची ती शिस्तच होती, आधी कंदील उतरायचा, मग माणूस.

"सोडला ना ताई. पाहा, खाली जळून राहिला."

गोपिकानं वाकून पाहिलं. तळाशी, सडक्या पाल्यावर, चार्जिंगचा टॉर्च लख्ख जळत होता. घासलेट मिळेना म्हणून कंदील गेला, आणि या शहाण्यांनी त्याच्या जागी टॉर्च सोडला!

सकाळीच तिनं वर्गात सांगितलं होतं, की पृथ्वीच्या सुरुवातीच्या हवेत प्राणवायू नव्हताच. कर्बवायू मात्र उदंड. आज हवेत साचून उष्णता धरून ठेवतो तोच. त्या हवेत ना ज्योत जगली असती ना माणूस. शेवाळानं, झाडांनी कोट्यवधी वर्षं खपून ती बदलली. मग ती जुनी हवा गेली कुठं, असं एका पोरीनं विचारलं, तर "संपली" म्हणून गोपिकानं पान उलटलं होतं.

"कवडू, वर ये गा."

"उजेड आहे ना खाली, ताई."

"टॉर्चले श्वास घ्या लागत नाही. तुले लागते."

तो हसला आणि आणखी एक पायरी उतरला. गोपिका देवघरात धावली. पेटतं निरांजन तिनं भाजीच्या तारेच्या टोपलीत ठेवलं आणि दोरीनं खाली सोडलं. कवडूच्या तोंडापाशी ज्योत नीट होती. कमरेपाशी ती आखडली. पावलांपाशी विझली.

"वारा असन," कवडू म्हणाला, पण आता हसला नाही. तिनं निरांजन वर ओढून पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. पुन्हा त्याच जागी विझलं.

कवडू वर आला. पुष्पलता त्याचा दंड सोडायला तयार नव्हती.

"खाली काय होतं वं, ताई?" कवडूनं विचारलं.

तळाशी टॉर्च अजून लख्ख जळत होता.

"जुनी हवा," गोपिका म्हणाली. "पाला सडून तळाशी साचलेली. सकाळी पोरींले सांगतलं, संपली म्हणून."