वहिनींचं मत

वहिनी संस्थेचा जिना चढायला लागल्या, तशी बाकावरची शिंपीण उठून उभी राहिली.

"वहिनी, आमच्या वस्तीचं तेवढं बघा. जरा बोलायचं होतं."

"मीटिंग होऊ दे, मग बोलू," म्हणत वहिनी मान खाली घालून वर गेल्या. बरेच दिवस हे असंच चाललं होतं. शिंपीण खाणीच्या वस्तीतून चालत यायची, जिन्याखाली बसून राहायची, आणि वहिनी तिला चुकवायच्या. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांना हिंमत होत नसे.

संस्था सासऱ्यांच्या नावाची. लोकांच्या देणग्यांतून दरवर्षी एखाद्या वस्तीला पिण्याचं स्वच्छ पाणी द्यायचं, एवढंच तिचं काम. यंदाच्या पैशांत एकच योजना बसत होती आणि मागणाऱ्या वस्त्या दोन होत्या. खाणीची वस्ती बंद पडलेल्या दगडखाणीत साचलेलं हिरवट पाणी गाळून पीत होती. पोरांना कावीळ ठरलेली. टेकडीवरच्या वस्तीला विहीर होती, ती फक्त उन्हाळ्यात आटायची.

खरं तर यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण ठरवणारे तिघं होते. डॉक्टर खाणीच्या बाजूचे, कारण ती पिवळी पडलेली पोरं त्यांच्याच दवाखान्यात यायची. अध्यक्ष, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, टेकडीच्या बाजूचे. तिसरं मत वहिनींचं.

आणि वहिनी राहत होत्या भाऊजींच्या घरात. नवरा गेल्यावर भाऊजींनीच त्यांना माडीवरच्या खोल्या दिल्या, संस्थेत कामाला लावलं. उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. हल्ली मात्र जेवताना सहज सांगायचे, की माडीसाठी एक चांगला भाडेकरू विचारतोय. मग पाण्याचा घोट घेऊन टेकडीचा विषय काढायचे. एकाच घरातली दोन मतं दोन दिशांना गेली तर लोक काय म्हणतील, असंही विचारायचे. वहिनी नुसत्या हसायच्या आणि ताट उचलून आत जायच्या.

त्यातच एकदा कपडे वाळत घालताना जाऊबाई बोलून गेल्या, की टेकडीच्या पायथ्याला यांनी जागा बघून ठेवलीय, पाणी आलं की बांधकाम काढायचंय. बोलल्या आणि जीभ चावली.

"मी सांगितलं म्हणू नका हं, वहिनी."

वहिनींच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. असं आहे होय. होकार द्यावा तर लोकांच्या देणगीवर दिराचं घर उभं राहणार. नकार द्यावा तर या वयात आपलं बिऱ्हाड रस्त्यावर. लेकीकडे जावं तर तिचंच घर एवढंसं, त्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. माडीची ती चार भिंतींची ऊब त्यांना कोंडवाड्यासारखी वाटायला लागली. जिन्यावर भाऊजींचं पाऊल वाजलं की त्या दार लोटून घ्यायच्या.

नवरा असता तर हसला असता. हिला उजवीकडे न्यायचं असेल तर डावीकडे ओढा, असं तो पंगतीत सगळ्यांदेखत सांगायचा. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचे ते भाऊजी.

मीटिंग सुरू झाली. डॉक्टरांनी आपलं म्हणणं मांडलं. भाऊजींनी आपलं मांडलं आणि वहिनींकडे असं बघितलं, की त्या बघण्यात माडी, भाडेकरू, सगळं आलं.

"खाणीची वस्ती," त्या म्हणाल्या. आवाज आपलाच आहे की नाही, त्यांना कळेना.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बहुमत आहे, ठरलं. तिथूनच त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला, विसार पोचता करतो, उद्याच चर खणायला घ्या म्हणून सांगितलं. ना आदळआपट, ना टोमणा. एवढ्या मोठ्या मनाचे असतील असं वहिनींना वाटलं नव्हतं. उगाच आपण त्यांच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं, म्हणून त्या ओशाळल्यासुद्धा.

जिना उतरताना पायांत बळ आलं होतं. बऱ्याच दिवसांनी छातीभरून श्वास घेता आला. माडी गेली तर जाऊ दे, काहीतरी सोय होईल. आज शिंपिणीला चुकवायचं कारण नव्हतं. वहिनींनी आपणहून तिचा हात धरला आणि सांगितलं, की नळ तुमच्याच वस्तीला मिळाला, उद्या काम सुरू.

शिंपीण मटकन बाकावर बसली. आनंदानेच, असं वाटून वहिनीही शेजारी टेकल्या.

"हे थांबवता नाही येणार?" शिंपिणीने विचारलं.

"थांबवायचं? का?"

"तेच सांगायला येत होते मी. आमचं नाव काढा म्हणून. खाणीची जागा विकली गेलीय. नवीन मालकाचा माणूस घरोघर सांगून गेलाय, पाण्याची लाइन आली की इथं इमारती होणार, झोपड्या खाली करा. पाणी आम्ही गाळून पिऊ, उकळून पिऊ. पण पोरंबाळं घेऊन जायचं कुठं?"

वहिनी ताडकन उठल्या. असा कसा उठवतो तो, त्या म्हणाल्या. आत्ताच्या आत्ता मालकाचं नाव सांग, मी स्वतः जाऊन बोलते त्याच्याशी.

शिंपिणीने त्यांच्याकडे नवलाने बघितलं.

"बोला की, वहिनी. एकाच घरात तर राहता."