दाभणानं शोधलेली माणसं

“हे भोक कशाचं?” साहेबराव शिंप्यानं विचारलं.

“निमोण्याचं,” नकुशी म्हणाली. “आन् शेजारचं कवठ्याचं.”

तिनं पुठ्ठ्याच्या कार्डांची चळत हातात धरली. एका कार्डावर एक गिऱ्हाईक, त्याची मापं, आणि कडेनं सारखी भोकं, एकेका गावाचं, एकेका कपड्याचं. माणूस निमोण्याचा असला की ते भोक कडेपर्यंत कापलेलं. तिनं भोकांतून दाभण घातलं आणि चळत उचलून हलवली. बाकीची कार्डं दाभणाला लटकली, निमोण्याची तेवढी खाली पडली.

“आयला!” साहेबराव खुदकन हसला.

शिरूरच्या पेठेत त्याचं दुकान तीस वर्षांचं. सगळ्यांची मापं त्याच्या डोक्यात असत. पण पंचाहत्तर साल उजाडलं आणि डोकं दगा देऊ लागलं. एकाची बंडी दुसऱ्याच्या मापानं बेतली जाऊ लागली. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानाकडं वळली. मशीन थांबलं तर हा माणूस खचेल, हे नकुशीला दिसत होतं.

ती दौंडला दवाखान्यात केसपेपर सांभाळायची. कार्डांची ही युक्ती तिनं पुण्यात एका कचेरीत पाहिली होती. दर रविवारी एसटीनं येऊन ती कार्डं भरायची. मापं जुन्या वह्यांत सापडली. बाकीचं, कुणाचं काय दुखतं, कुणाच्या घरी नातवंड आलं, ते साहेबरावच्या बायकोनं, गिताबाईनं, आठवून आठवून सांगितलं.

तेवढ्यात एक म्हातारा पायरी चढला.

“मी निमोण्याचा दगडोबा. बंडी शिवायचीय. मागची पार काखंत काचती.”

साहेबराव नुसता बघत राहिला. चेहरा कोरा. नकुशीनं दाभण तेवढं त्याच्याकडं सरकवलं.

त्यानं ते निमोण्याच्या भोकात घातलं. पडलेली कार्डं गोळा करून त्यांच्या बंडीच्या भोकात दाभण घातलं. तीन कार्डं पडली. त्यातलं दगडोबाच्या नावाचं त्यानं डोळ्यांजवळ नेलं.

“बसा, दगडोबा. गुडघा काय म्हणतोय? नातू चालाय लागला का?”

“व्हय की!” दगडोबाचं तोंड फुललं. “एवढं ध्यानात हाय तुमच्या?”

“माणसं इसरून शिंप्याला कसं चालंल?”

नकुशी पाठमोरी होऊन दोऱ्याची रिळं लावू लागली.

माप देऊन दगडोबा गेला. साहेबरावनं टेप गळ्यात अडकवला. कितीतरी दिवसांनी तो ताठ बसला होता.

“बाई, एवढ्या लांबून येता, माझ्यापायी खपता. घरी कोण असतं?”

“आई-वडील हायती.”

“मग वडलांना माझा निरोप द्या. म्हणावं, लेक गुणाची हाय. जपा तिला.”

“सांगते, आबा.”

चहाचे कप उचलून ती आत गेली. गिताबाई चुलीपुढं बसली होती. तिनं वर न बघताच हळू विचारलं,

“आज तरी वळखलं का गं तुला, तुझ्या बापानं?”