हातगुण

म्हातारी आयसीयूत आली ती मोडलेला खुबा घेऊन. खुबा सांधला, पण तिथेच तिला न्यूमोनियानं गाठलं आणि तो जंतू एकाही अँटिबायोटिकला दाद देईना. सहा खाटांना एकटी सिस्टर. तिनं म्हातारीचं आईसारखं केलं, तरी नवव्या दिवशी म्हातारी गेली.

त्याच जंतूनं गेलेली ती तिसरी. मग सगळ्यांच्या हातांची तपासणी झाली. जंतू सापडला तो सिस्टरच्या हातांवर. या खाटेवरून त्या खाटेकडे धावताना हात धुवायला सवड होती कुणाला!

"बाहेर अवाक्षर काढू नकोस," मेट्रन म्हणाली. "हात स्वच्छ धू आणि ड्यूटीवर जा. दुसरी सिस्टर मी आणू कुठून?"

दुपारी म्हातारीची लेक आभार मानायला आली. तिनं सिस्टरचे दोन्ही हात धरले. सिस्टरला राहवेना.

"ताई, आईंना तो आजार माझ्याच हातांनी झाला हो."

"किती लावून घेता मनाला!" लेकीचे डोळे भरून आले. तिनं हात आणखी घट्ट धरले. "बाबांचं ऑपरेशनही इथेच करायचं ठरवलंय. त्यांना तुमच्याच हाती सोपवणार."