बिनटर्बोची

भाकरी तव्यावर पडली, आणि मग शीलाबाईंच्या ध्यानात आलं की ही जास्तीची आहे. घरात खाणारी माणसं दोन, मायलेक. दोघांच्या भाकऱ्या थापून टोपलीत झाकलेल्या. मग ही कुणासाठी?

कालव्याच्या पलीकडून आवाज येत होता. घशातल्या घशात घुमणारा, मधेच दोनदा खाकरणारा. दोन वर्षांत आळे गावात तो कुणी ऐकला नव्हता. भरतराव गेले तेव्हापासून त्यांची लाल गाडी ताडपत्रीखाली पडून होती, आणि आज सकाळीच मुलगा सुदर्शन ती ओढत सोपान मिस्त्रीच्या गॅरेजला घेऊन गेला होता.

"लागली बोंबलायला सवत," शीलाबाई तव्याला म्हणाल्या.

वीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या. इतर बायांचे नवरे ट्रॅक्टर घेत, पिकअप घेत. ह्यांनी काय घ्यावं? मुंबईच्या कुणा शेठची जुनी जपानी गाडी, दोन दारांची, पळायची. तिच्यात ना धड कांद्याची गोणी बसे, ना धड पाव्हणा. बरं, घेतली ती घेतली, त्यातही टर्बो नसलेली. फाट्यावर लोक चिडवायचे, "भरतभाऊ, बिनटर्बोची आणली व्हय?" आणि हा मनुष्य हसून म्हणायचा, "फुफ्फुसं तिची सोताची हायेत, राव." आठवडाभर डेअरीत पाइप जोडायचे आणि रविवारी गाडीखाली शिरायचे. जेवायला हाका मारून मारून शीलाबाईंचा घसा बसायचा.

भाकरी टम्म फुगली. आता ती काही परत पीठ होणार नव्हती. शीलाबाईंनी ती फडक्यात गुंडाळली, गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

गॅरेज कालव्याच्या पुलापलीकडं, फाट्याच्या वाटेवर होतं. गाडी जॅकवर चढवलेली. शेजारी एक खोकं, त्यातून गोगलगाईसारखा लोखंडी गोळा डोकावत होता. सोपान मिस्त्रीनं इंजिन बंद करून हातात ग्राइंडर घेतला होता.

"आई, तू कशी आलीस?" सुदर्शननं विचारलं.

"पायांनी. हे काय आणलंयस?"

"टर्बो." पोराचा चेहरा उजळला. "सहा महिने शोधत व्हतो. धुराच्या जोरावर फिरतो अन् इंजिनात जादा हवा कोंबतो. आबांनी सगळा जन्म ऐकून घेतलं ना, बिनटर्बोची, बिनटर्बोची. आता कुणाची बिशाद न्हाई. फक्त धुराचा हा जुना पाइप कापून काढायचाय."

"अन् आवाज?"

"दबंल बराच. तुला बरंच की. सवत बोंबलायची न्हाई आता."

शीलाबाईंनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. वीस वर्षं पेरलं, ते असं उगवलं. तो आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, आलं माणूस घरी असं वाटायचं, हे आता कोणत्या तोंडानं सांगणार?

सोपान मिस्त्रीचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. "वहिनी, फडक्यात काय हाय?"

"भाकरी. आवाज आला अन् थापली गेली. हाताला काय अक्कल हाय का?"

मिस्त्रीनं ग्राइंडर खाली ठेवला. पाइपाकडं बोट दाखवून तो म्हणाला,

"हा पाइप डेअरीच्या भंगारातला. दूध वाहायचं ह्यातनं. भरतभाऊनं अन् मी हितंच वळवला. मी म्हणलं, आवाज लई व्हतोय, मोठा सायलेन्सर टाकू. तर म्हणला, नको. कालव्यापाशी आलो की घरी ऐकू गेलं पायजे. ती तवा ठेवती तवर मी पोचतो, गरम भाकरी मिळती."

"मला कधी बोलले न्हाईत."

"तुमी तरी कुठं बोललात, वहिनी?"

शीलाबाई तिथल्याच एका टायरवर बसल्या. आपण रोज तवा ठेवत होतो ते भरतरावांना ठाऊक होतं, आणि आपण शिव्या देत होतो त्याही ते गरम भाकरीबरोबर खात होते. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी फडकं पोरापुढं धरलं.

"खा. गार व्हतीय."

सुदर्शननं उभ्या उभ्या कोरडीच भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "काय करू, आई?"

"गाडी तुझी हाय. मला काय कळतंय इंजिनातलं."

असं म्हणून त्या उठल्या खऱ्या, पण पुलावर आल्यावर पाय पुढं पडेनात. पाण्याकडं बघायचं निमित्त करून त्या कठड्याला टेकल्या. आता ग्राइंडर किंचाळेल, मग किंचाळेल, म्हणून कान मागं लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आवाज आला. घशातल्या घशात घुमणारा, मधेच दोनदा खाकरणारा.

लाल गाडी शेजारी येऊन थांबली. मागच्या सीटवर ते खोकं होतं, सुतळीनं बांधून टाकलेलं. सुदर्शननं आतून दार उघडलं.

"बस, आई. घरी सोडतो."

शीलाबाईंनी दारावर हात ठेवला. वीस वर्षांत त्या गाडीत चारदा बसल्या असतील, तेही तोंड फुगवून. त्यांनी दार हळूच लावून टाकलं.

"न्हाई. तू फाट्यापर्यंत जा अन् वळून ये. सावकाश ये."

"का गं?"

"मला आधी घरी पोचू दे. कालव्यापाशी आलास की कळंल मला. तवा ठेवते."